करारातल्या कोऱ्या पानावरची रेघ

राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा हैदराबादेत सगळ्यांचेच कागद बदलत होते. दुकानांच्या पाट्या, कचेऱ्यांचे शिक्के, गाड्यांच्या नंबरातली पहिली अक्षरं. त्यातच माझा करारही नव्याने आला. मी कुकटपल्लीतल्या एका कंपनीसाठी घरून सॉफ्टवेअर लिहायची. नोकरीत नव्हते. कागदावर 'स्वतंत्र सेवा पुरवठादार'. स्वतंत्र म्हणजे काय, तर रजा नाही, पीएफ नाही, शेजारच्या टेबलावर कुणी नाही. नल्लकुंट्यात एक खोली, एक पंखा. दिवसातलं पहिलं वाक्य कधीकधी संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलायची, तेही तेलुगूत.

सोबतच्या मेलमध्ये होतं, फक्त राज्याचं नाव बदललंय, सही करून पाठवा. मी खरं मानलं.

हे लिहायची लाज वाटते, कारण मी कंत्राटी कामगारांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिणारी. कंपन्यांच्या फाटकाबाहेर उभं राहून ती वाटणारी. सफाईच्या बायकांकडून आम्ही एक गोष्ट घोकून घ्यायचो: सहीच्या कागदावर कोरी जागा दिसली की आडवी रेघ मारायची, म्हणजे मालक मागाहून तिथे काही घुसडणार नाही. नव्या कराराच्या शेवटी एक कोरं पान होतं. मी झोकात रेघ मारली आणि सही केली.

अंबरपेठेतल्या विहारात माझी आत्या रविवारी मुलांना मराठी वाचायला शिकवते. मुलं मराठी बोलतात, अर्धी दखनी अन् अर्धी तेलुगू मिसळून, पण जोडाक्षर दिसलं की अडतात. त्यांच्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. अक्षरावर क्लिक केलं की आत्याच्या आवाजात शब्द ऐकू यायचा. एकदा कामाच्या फोनवर मॅनेजरला मी त्याबद्दल कौतुकाने सांगितलं. दिवसभरात बोलायला दुसरं होतं कोण?

चार दिवसांनी पत्र आलं. प्रोग्रॅमचा कोड जमा करा, इतरत्र वापर थांबवा.

मग मी करार वाचला. कराराच्या काळात मी जे काही लिहीन, कुठल्याही वेळी, कुठल्याही मशीनवर, ते कंपनीचं. स्वतःचं काही वगळायचं असेल तर शेवटच्या पानावर नोंदवा. त्या पानावर मी रेघ मारून ठेवली होती. म्हणजे माझं काहीच नाही, असं मीच लिहून दिलं होतं.

मॅनेजरशी भांडले. तो चिडला नाही, त्याला खरंच कोडं पडलं होतं. "सब लोगां साइन करे, तुमकोच क्यों तकलीफ?" हे सब लोगां कोण, म्हणून विचारलं, तर ते गोपनीय. असतील पुष्कळ, एकेका खोलीत एकेक. सफाईच्या बायकांना एकमेकींना भेटायला फाटक तरी होतं. आम्हाला तेही नाही. संघटनेच्या वकिलांनी करार चाळला आणि म्हणाले, तुम्ही कामगार नाही, तुम्ही धंदा आहात. साथी हसले. मीही हसले, पण त्यानंतर बैठकीला गेले नाही.

कोड जमा केला. रविवारी विहारातल्या जुन्या कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम काढायला गेले. आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आवाज माझा हाय. म्या कुठं सही केली?"

मी प्रोग्रॅम काढला, आवाजाच्या फायली राहू दिल्या. आत्या फळ्यावर शब्द लिहायची आणि मी फाईल शोधून वाजवायची. तीनचार शब्द झाल्यावर तीच म्हणाली, "मी हितं उभी असताना हे कशाला गं?"

मी कॉम्प्युटर बंद केला आणि सतरंजीवर मुलांच्या मागे जाऊन बसले.