खांब कोणाच्या ताब्यात

मावशींचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. ऑफिसात इमारतीचं एकच मॉडेल कॉम्प्युटरवर असायचं आणि सगळे आपापल्या टेबलावरून त्यातच काम करायचे. भिंती आर्किटेक्टच्या, खांब इंजिनियरचे, नळ-पाइप तिसऱ्याचे. कोणी कशाला हात लावायचा, हे मावशी ठरवायच्या. त्यांची सख्खी भाची तिथे आर्किटेक्ट, भाचीचा नवरा इंजिनियर. त्यामुळे त्या अख्ख्या ऑफिसच्याच मावशी झाल्या होत्या.

मध्येच नवरा-बायकोचं बिनसलं. घरात अबोला आणि भांडण मॉडेलमध्ये! मॉडेलमधल्या वाचनालयाच्या दारासमोर एक खांब होता. भाची तो बाजूला सरकवायची, जावई चहा पिऊन यायचे आणि परत होता तिथे आणून उभा करायचे. मग ती चिडून दारच हलवायची. पाइपवाला बिचारा दर वेळी पाइप वळवून वळवून रडकुंडीला आला. नकाशे द्यायची वेळ तोंडावर आली होती, पण मावशींना नकाशांचं काय पडलंय? भाचीनं त्यांच्याच घरी मुक्काम ठोकला होता. पोरीचा संसार मोडतो की काय, हीच त्यांना धास्ती.

समजावून झालं, रागावून झालं. शेवटी एका सकाळी त्यांनी तो खांब आणि ते दार दोन्ही स्वतःच्या ताब्यात घेऊन टाकलं. आता कोणी हलवायला गेलं की कॉम्प्युटर सांगायचा, मावशींना विचारा.

भाची तणतणत आली. जावई वेगळे आले आणि खांब हे माझं काम आहे, असं अदबीनं सुनावून गेले. मावशींचं दोघांनाही एकच उत्तर.

"एकेकटे आलात तर ताबा सोडणार नाही. दोघं मिळून या."

आणि बाई खुशाल पाइपवाल्याशी गप्पा मारत बसल्या. काय म्हणावं आता!

दुपारी साहेबांचं बोलावणं आलं. केबिनमध्ये भाची आणि जावई शेजारी शेजारी उभे. दार थोडं सरकवायचं आणि खांबही थोडा, हे त्यांनी पॅसेजमध्येच ठरवून टाकलं होतं. पण मावशी मनमानी करतात, कामं अडवतात, मॉडेल त्यांच्याकडून काढून घ्या, ही तक्रार होतीच. जावई बोलत होते, ते अडले की भाची पुढचं सांगत होती. साहेबांनी मावशींची चांगली खरडपट्टी काढली. मावशींनी मान खाली घालून सगळं ऐकलं. वर केली असती तर हसू दिसलं असतं.

बाहेर आल्यावर भाची फणकारली, "मावशी, आम्ही दोघंही तुझ्याशी बोलणार नाही."

"नका बोलू," मावशी म्हणाल्या. "एकमेकांशी बोला, मला तेवढं पुरे."