थर्मासमधला समुद्र

आमच्या कॉलेजातली ही मास्तरीण कुणालाही आधी "बराबर" म्हणते आणि मग स्वतःच्या मनाचंच करते. समुद्राच्या चिखलातले जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्यातून बुरशीवर नवं औषध शोधायचं, हे तिचं वेड. चिखल ती कोकणातून एसटीनं आणते, थर्मास मांडीवर धरून.

"हिंगोलीत समुद्र काहून आणून राहिल्या?" प्राचार्य सगळ्यांसमोर हसले. "हळदीवर करा काहीतरी."

"बराबर, सर," म्हणाली, आणि जिवाणूंसाठी मिठाचं पाणी कालवायला गेली.

परवा तिनं मला, म्हणजे ऑफिसातल्या क्लार्कला, एक काचेची बशी दाखवली. बशीभर बुरशी माजलेली, फक्त जिवाणूंच्या ठिपक्याभोवती स्वच्छ कडं. माझ्या मानेवरचं गजकर्णही बुरशीचंच, कुठल्याच मलमाला दाद देत नव्हतं. मी हात जोडले. "मॅडम, थेंबभर तरी द्या."

"बराबर, काका," म्हणत तिनं बशी कपाटात ठेवली. "पण बुरशी बशीत मेली. तुमची मान बशी न्हाई. तपासण्या झाल्याबिगर कुणालाच देणार न्हाई."

मला रागच आला. कुलूप लावताना तिची बाही वर सरकली. दंडावर माझ्याहून मोठं गजकर्ण होतं.