शालूकाकूची संत्र्यांची पिशवी

थांबा, हे आत्ताच सांगू द्या, नाहीतर परत रडू येईल आणि राहूनच जाईल... शालूकाकू गेली. तीन आठवडे झाले. मंगळवारी बाबांना डायलिसिसला घेऊन रामदासपेठेतल्या दवाखान्यात पोचले, तर दाराजवळचं तिचं स्टूल रिकामं. सिस्टर म्हणाली, "काल गेल्या वं त्या." आणि मी वेड्यासारखी विचारते, "मग आज येणार नाहीत?"

काकू डॉक्टर नव्हती, सिस्टर नव्हती, दवाखान्यात नोकरीलाही नव्हती. नवरा किडनीच्या आजारात गेला, तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार ती स्वतःहून तिथे येऊन बसायची, नव्या पेशंटच्या घरच्यांसाठी. आमची ओळख तर भांडणानेच झाली! बाबा बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात. ते आजारी पडल्यावर हुडकेश्वरच्या आमच्या घरी पाहुण्यांची रांग, आणि नागपुरात पेशंटला भेटायला संत्री न घेता कोण जातं? मी त्यातलीच डझनभर दवाखान्यात नेली. काकूने दारातच अडवलं.

"काहून आणले वं हे?"

"बाबांना आवडतात."

"आवडू दे. किडनी बंद पडली की यातलं पोटॅशियम रक्तात साठते, अन् सरळ हृदयावर जाते. टाक इथं."

आणि स्वतःची हिरवी कापडी पिशवी पुढे केली. सगळ्यांची संत्री त्यात जमा व्हायची, मग बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटायची. "खा, तुमची किडनी धड आहे ना!" मला इतका राग आला... ही कोण मला शिकवणारी? घरी येऊन मी मुद्दाम बाबांना रस काढून दिला. मोठा ग्लास भरून.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या हातापायातलं बळच गेलं, हृदयाचे ठोके चुकायला लागले. वाचले, पण थोडक्यात. दवाखान्यातल्या बाकावर मी काकूला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता फाडून खाईल. ती नुसती हाताच्या बोटांकडे बघत राहिली. "मी तं सोलून, बिया काढून एक-एक फोड भरवली होती आमच्या ह्याईले. कोणी सांगितलं नाही, अन् मीबी विचारलं नाही." आणि म्हणाली, "तुह्या बापाले खरं सांगून टाक. मले माफी मागाले माणूसच नाही राहिला."

मग लगेच, "झालं का रडून? चाल, डॉक्टर आले." आत गेल्यावर मी काकूला कोपराने ढोसतेय, तूच विचार ना, तर म्हणते, "मी नाही विचारत. बाप तुहा, तोंड तुहं." डॉक्टर उठायला लागले, पण ही खुर्चीतून हलेना. "बसा ना सर, पोरगी बोलून राहिली." शेवटी मी चाचरत विचारलं, काय खायचं, पाणी किती प्यायचं... त्यांनी बसून मराठीत लिहून दिलं. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे.

शेवटच्या शुक्रवारी तिने पिशवी माझ्या हातात दिली. "आज तू धर वं, खांदा दुखून राहिला." मी हसत म्हटलं, "काकू, नाटक नको करू!" हेच माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. पिशवी माझ्याकडेच राहिली.

परवा ती घेऊन मीच दारात उभी राहिले. एक आजोबा बायकोसाठी संत्री घेऊन आले. अडवलं तर भडकले, "तू कोण वं?" अगदी माझ्यासारखे! मी त्यांना बाकावर बसवलं आणि माझ्या ग्लासाची गोष्ट सांगितली. त्यांनी संत्री पिशवीत ठेवली. मग हळूच म्हणाले, "मंग काय देऊ तिले?" मी म्हटलं, "चला, डॉक्टरांनाच विचारू. पण तुम्ही विचारायचं."

अनोळखी माणसाला सांगितलं, बाबांना मात्र अजून नाही. त्यांना वाटतं, पोरीला माहीत नव्हतं, चूक झाली. पिशवी दारामागे टांगलीय, धुतली तरी संत्र्यांचा वास जात नाही, आणि येता-जाता बाबा म्हणतात, "मस्त वास येते वं!" बाबा पेपरची ही पुरवणी पहिल्या ओळीपासून वाचतात. म्हणजे आता कळेलच... बाबा, मला माहीत होतं. काकूने सांगितलं होतं, तरी मी दिलं.

तुमच्या हातून झालंय का असं कधी, आपल्याच माणसाच्या बाबतीत? आणि सांगितलंत का त्याला, तो असताना?