मिरीचं घर

कसबा पेठेत शमशुद्दीन शिकलगारांना सगळे चाचा म्हणत, आणि चाचांकडे जायचं तर चपला जिन्यातच काढत. आयुष्यभर त्यांनी एका मोठ्या इस्पितळात सफाई मुकादमाचं काम केलं होतं. ते निवृत्त झाले, पण त्यांचं स्वच्छतेचं वेड काही निवृत्त झालं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत फरशीवर सांडलेला भात खुशाल उचलून खावा, असं शेजारी म्हणायचे. अशा माणसाला मांजर आवडणं कठीणच. एकुलती एक मुलगी नसीमबानू लहानपणी गल्लीतलं एखादं पिल्लू फ्रॉकच्या ओच्यात घालून वर आणायची, आणि चाचा ते मुकाट्यानं खाली नेऊन सोडायचे.

नसीम शिकली आणि खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागली. रोजची ये-जा झेपेना, म्हणून विजयमाला नावाच्या मैत्रिणीबरोबर तिकडेच भाड्यानं राहू लागली. तिथं गेल्या गेल्या तिनं पहिलं काय केलं असेल, तर मांजर पाळलं. काळी कुळकुळीत, म्हणून तिचं नाव मिरी. फोनवर ती आईला, सकीनाला, मिरीच्या खोड्या सांगत बसायची. "अब्बांना सांग," ती म्हणायची, "ही त्यांच्यासारखीच आहे. दिवसभर स्वतःला चाटूनपुसून साफ ठेवते." सकीना हसायची. चाचा पेपरमधून डोकं वर काढत नसत, पण सगळं ऐकत असत.

एका संध्याकाळी ऑफिसातून परतताना नगर रस्त्यावर पाण्याच्या टँकरनं नसीमच्या स्कूटीला मागून धडक दिली. ती जागीच गेली.

त्यानंतर सकीनानं बोलणं सोडल्यातच जमा होतं. समोर ताट ठेवलं तर दोन घास खायची, नाही ठेवलं तर मागायची नाही. दिवसभर पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसायची. चाचांनी स्वयंपाक शिकून घेतला. जळका, कच्चा, जसा जमेल तसा. बायकोनं त्याला नाव ठेवावं, निदान तेवढं तरी बोलावं, म्हणून ते वाट बघायचे. तीही इच्छा पुरी झाली नाही.

पुढे विजयमालेची बदली झाली. खोली सोडायच्या आधी ती नसीमचे कपडे आणि एक टोपली घेऊन आली. टोपलीत मिरी होती.

"काका, हिला कुठं सोडून जायला मन होईना," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरीकडे विचारीन."

चाचांच्या ओठांवर 'नाही' आलंच होतं. तेवढ्यात मिरी टोपलीतून बाहेर आली, खोलीभर हुंगत फिरली आणि सकीनाच्या मांडीत जाऊन बसली. सकीनानं खाली पाहिलं. तिचा हात आपोआप मांजरीच्या पाठीवर गेला. किती तरी दिवसांनी ती बोलली.

"हिला भूक लागली असेल."

चाचा वळले आणि दूध आणायला जिना उतरले.

त्या दिवसापासून त्यांनी कामच सुरू केलं. विजयमालेला बसवून घेतलं आणि मांजराला कशाकशाचा धोका असतो ते विचारलं. तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिनं सांगितलं. मग चाचांनी गॅलरीला वरपासून खालपर्यंत नायलॉनची जाळी ठोकून घेतली. खिडक्यांच्या गजांनाही जाळी लावली. फ्रिजच्या आणि टीव्हीच्या वायरी प्लास्टिकच्या नळीत घातल्या, कारण नसीमकडे मिरीनं चार्जर कुरतडला होता. सकीनाचे सुई-दोरे झाकणाच्या डब्यात गेले. खालच्या किराणा दुकानदाराला त्यांनी हात जोडून सांगितलं, "जिन्यात उंदराचं औषध ठेवू नका. हवा तर पिंजरा मी आणून देतो." आणि खरोखरच आणून दिला.

हे झालं धोक्याचं. मग सोयीचं. शेजारच्या मच्छिंद्रचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. त्याच्याकडून एक लाकडी खांब करून घेऊन चाचांनी त्याला सुतळी गुंडाळली, मिरीला नखं घासायला. खिडकीपाशी फळी लावली, सकाळचं ऊन तिथंच यायचं. नसीमची जुनी गोधडी घडी घालून फळीवर अंथरली.

"चाचा, माणसांचंसुद्धा एवढं कुणी करत नाही," मच्छिंद्र म्हणाला.

"माणसं राहतात कुठं," चाचा म्हणाले.

सकीना पलंगावरून उठू लागली. मिरीसाठी मासळी उकडायची म्हणून स्वयंपाकघरात आली आणि मग तिथंच रमली. एकदा चाचांच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं, तेव्हा म्हणाली, "मुकादमसाहेब, इस्पितळात बरं तुमच्या या सढळ हाताला कुणी काही म्हणालं नाही." चाचा भाजीचं भांडं घेऊन गॅलरीत गेले. सगळी खारट भाजी त्यांनी तिथं उभ्यानं संपवली, आणि डोळे पुसून आत आले.

मांजराच्या पायांनी घरात रोगराई येऊ नये म्हणून त्यांनी फरशीची काळजी दुप्पट केली. रोज सकाळ-संध्याकाळ, इस्पितळात पुसायचे तशीच, काळं फिनेल टाकून. पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं आणि घरभर तो ओळखीचा वास भरायचा. मिरी ओल्या फरशीवरून चालत जायची, फळीवर चढायची आणि उन्हात बसून पंजे चाटायची.

थंडी सरता सरता तिचं खाणं कमी झालं. तोंडातून लाळ गळू लागली. चाचांना वाटलं, घर अजून नीट साफ होत नाहीये. त्यांनी फिनेल वाढवलं. एका सकाळी फळीवर चढताना मिरीचा तोल गेला आणि ती खाली पडून थरथरू लागली. चाचांनी तिला टोपलीत घातलं आणि रिक्षानं नारायण पेठेतल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं. आत फोड आले होते. डोळे पिवळे पडले होते.

"फरशी कशानं पुसता?" त्यांनी विचारलं.

"फिनेलनं," चाचा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "दोन वेळा. कसलीही हयगय नाही."

बाई हळूच म्हणाल्या, "काका, मांजराच्या शरीराला ते सोसत नाही. पंजांना लागतं, ती पंजे चाटते, ते पोटात जातं. लिव्हर निकामी होतं. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं."

त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. चाचा टेबलापाशी उभे होते. मिरीच्या अंगाला हात लावायचं धाडस त्यांना होईना. दुपार कलायच्या आत मिरी गेली.

नदीकाठच्या एका मोकळ्या जागेत त्यांनी तिला पुरलं आणि चालत घरी आले. सकीना दारातच होती. रिकामी टोपली बघून ती आत गेली. चाचांना सहज खोटं बोलता आलं असतं. मांजराला काय, काहीही होतं. पण ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि डॉक्टरीणबाई जे म्हणाल्या ते शब्दन् शब्द त्यांनी सांगितलं.

सकीनानं ऐकून घेतलं. रडली नाही, दोषही दिला नाही. "तुम्हाला काय माहीत," एवढं म्हणाली आणि पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसली. तिनं ओरडावं, भांडावं, काहीतरी फेकून मारावं, असं चाचांना त्या दिवशी मनापासून वाटत होतं.

पुढे फरशीवर धूळ साचू लागली. चाचा झाडू हातात घेत आणि तसाच परत ठेवत. भेटायला येणारे आता चपला घालूनच आत येत, त्यांना कुणी अडवत नसे.

उन्हाळ्यात मच्छिंद्रच्या दुकानात मांजर व्यायली. पिल्लं जरा मोठी झाल्यावर तो एक पिल्लू शर्टात घालून वर आला. भाबडा माणूस. चाचीला बरं वाटेल, असं त्याला वाटलं होतं.

"चाची, बघा तरी," तो म्हणाला. "जाळी वगैरे सगळं तयारच आहे तुमच्याकडे."

सकीनानं मान वळवली. पिल्लाकडे बराच वेळ पाहिलं. हात मात्र पुढे केला नाही.

"घेऊन जा, बाबा," ती म्हणाली. "या घरात काही जगत नाही."

मच्छिंद्रनं चाचांकडे पाहिलं. चाचांनी तिला समजवावं, निदान तसं बोलू नको म्हणावं, अशी त्याची अपेक्षा असावी. चाचा दाराशी गेले, दार पुरतं उघडलं आणि त्याला जायला वाट करून दिली.

"जा," ते म्हणाले. "बरोबर बोलतेय ती."