उसना कोट घालून बर्फाच्या मुलखात

टंग… टंग-टंग… टंग.

दिवाळी सरली की सेलूच्या आमच्या गल्लीत पिंजारी यायचा आणि त्याच्या धनुकलीच्या तारेचा हा आवाज दुपारभर घुमत राहायचा. मी दुसरी-तिसरीत असेन. ओट्यावर कापूस फुगत जायचा, पार ढगाएवढा, आणि संध्याकाळपर्यंत तो ढग आईच्या रजईत जाऊन बसलेला असायचा. आमची थंडी त्या रजईत मावत होती. थंडीचे म्हणून वेगळे कपडे असतात, हे मला म्हातारपणी कळलं.

गेल्या दसऱ्याला वैशालीचा, आमच्या मुलीचा, जर्मनीहून फोन आला. नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजाची तिकिटं तिने काढली होती. मार्चमधली सफर. माझं, तिच्या आईचं आणि तिचं स्वतःचं, अशी तीन तिकिटं. "अप्पा, आयुष्यभर बर्फाच्या कविता शिकवल्या ना, आता एकदा बघून तर घ्या," म्हणाली.

तिचं खरं होतं. पाठ्यपुस्तकात हिम, तुषार, शुभ्र असे शब्द आले की मी डोळे मिटून शिकवायचो, आणि पोरं विचारायची, गुरुजी, म्हणजे गोळेवाल्याकडचाच का? मीही त्यापलीकडे पाहिला नव्हता.

ज्यांना अशा सफरीला जायचंय त्यांच्यासाठी कपड्यांचं आधी सांगतो, कारण आमच्या घरात तोच विषय सगळ्यात जास्त चघळला गेला. अंगालगत सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं. आत अंगाला चिकटणारं लोकरीचं, त्यावर स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. वैशाली हे फोनवर समजावत असताना आमची सुंदरा, म्हणजे तिची आई, शेजारी बसून हसत होती. "मला कशाला गं ते थर? माझ्या लुगड्याचे थर कमी हायेत का?" तरी तिने त्याच दिवशी ट्रंक उघडली. स्वतःचा जांभळा स्वेटर काढला, माझी कानटोपी काढली, उन्हात टाकली. रोज काही तरी काढायची, घडी मोडायची, परत घालायची. पेडगावला भावाला फोन करूनही सांगितलं, तुझ्या दाजीला बर्फात घेऊन चाललेय म्हणून.

मार्गशीर्षात ती गेली. सकाळी चहा ठेवून पाटावर टेकली. चहा उतू गेला तरी उठली नाही.

आता जे सांगतोय ते प्रवासाच्या सामानाचंच आहे, म्हणून सांगतो. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की सोयरे दुखवटा आणतात. टोपी, उपरणं, कापड. ते अंगावर पडलं की दुःख उतरलं असं धरायचं. बायको गेली तर मानाचा दुखवटा तिच्या माहेरचा. तो आल्याशिवाय नवऱ्याने नवं कापड अंगाला लावायचं नाही. चौदाव्याला गावोगावचे पाहुणे येऊन गेले, टोप्यांची चळत पडली. तिच्या माहेरचं मात्र कुणी आलं नाही. तिचा एकुलता भाऊ किसन दरवर्षीसारखा दिवाळीनंतर ऊसतोडीला गेला होता, कर्नाटकाच्या हद्दीवर. या वयात कोयता झेपत नाही, पण पोरासोबत बैलं सांभाळायला जातो. निरोप पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. फोनवर तो नुसता रडत होता. "टोळी सुटल्याबिगर निगता यीना, दाजी," एवढंच कळलं. नंतर त्याचा फोन लागेनासा झाला.

मी शिकलेला-शिकवणारा माणूस, या रीतींवर फार विश्वास ठेवत आलो नाही. पण सुंदरा ठेवायची. तिच्या मावशीच्या मागे माहेरचं कुणी कापड घेऊन आलं नव्हतं, आणि ते तिला शेवटपर्यंत लागून राहिलं. म्हणायची, मावशीचं माहेर तिच्याआधीच मेलं होतं. "माजं तसं व्हायला नको." हे तिने मला कितीदा ऐकवलं असेल. मी प्रत्येक वेळी पेपर वाचत असायचो.

म्हणून मी ठरवलं, किसनच्या हातचं कापड आल्याशिवाय नवं काही घालायचं नाही. सफर आम्ही रद्द केली नव्हती, पण वैशालीला हे पटलं नाही. बर्फात जुना सदरा घालून जाणार का, म्हणाली. मी म्हणालो, जुनं चालतं. फक्त गरम हवं.

संक्रांतीनंतर मी पेडगावला जाऊन आलो. सेलूहून सकाळच्या पॅसेंजरने सोयीचं पडतं. स्टेशनवर उतरून गावात चालत गेलो. दोन्ही बाजूंना हरभरा उभा होता. किसनच्या दाराला कुलूप, उंबऱ्यावर धूळ. शेजारची म्हातारी कडब्याच्या पेंढ्या मोजायची थांबली नि म्हणाली, "किसन का? आता कवा यायचा त्यो. आन आला तरी कोणत्या तोंडानं येईल?" मग मला आत बोलावून चहा दिला, गुळाचा. सुंदराचं लहानपण तिने सांगितलं, ही पोर विहिरीवर सगळ्यात आधी असायची म्हणून. मी ऐकत होतो, आणि लक्ष कुलपाकडे जात होतं.

तिथून परभणी, आणि परभणीहून एसटीने ताडकळस. पंचाहत्तरी ओलांडल्यावर एसटीला तिकीट लागत नाही, हा म्हातारपणाचा एकच फायदा मला सापडलाय. ताडकळसला माझा एक जुना विद्यार्थी राहतो. फौजेत होता, बर्फाच्या चौकीवर राहून आलेला. बाजाराचा दिवस होता. भज्यांच्या गाड्यावर मिरची भजी खात आम्ही उभे होतो. माझं म्हणणं ऐकल्यावर त्याने कारण विचारलं नाही. घरी नेऊन पेटीतून एक जाडजूड कोट काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास, एक गुंडी वेगळ्या रंगाची.

"गुरुजी, तुमच्या अंगाला हा जरा ढगळ होईल."

मी म्हणालो, चालेल, कविताही मी ढगळच शिकवायचो.

"न्हाई गुरुजी," तो म्हणाला, "ती आमाला बरोबर बसायची."

बसमध्ये तो कोट मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईने विचारलं, कोणाचा हाय? मी म्हणालो, उसना. ती हसली. फेब्रुवारीच्या उन्हात म्हाताऱ्याने उसना कोट कशाला आणला असेल, हे तिच्या चेहऱ्यावर होतं.

तर माझं सामान असं झालं: ताडकळसचा कोट, माझाच जुना स्वेटर, शेजारच्या वकिलांचे लोकरीचे पायमोजे, कानटोपी, आणि सुंदराचा जांभळा स्वेटर. तो मला आत घालता येत होता. ती अंगाने माझ्यापेक्षा थोर होती, याबद्दल मी तिला आयुष्यभर चिडवलं.

मुंबईहून विमानाने बर्गन नावाच्या बंदरावर पोचलो. वैशाली जर्मनीहून आधीच येऊन थांबली होती. मला त्या कोटात बघून तिने तोंड फिरवलं. पाऊस पडत होता. ज्यांना जायचंय त्यांनी छत्री न्यायच्या भरीस पडू नये, वारा उलटी करतो. जेवण जहाजावरच असतं, मासे भरपूर. मी माळकरी नसलो तरी शाकाहारी, त्यामुळे बटाटे, पाव आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी यावर निभावलं. चटणी न्याच. बाहेर कॉफीसुद्धा इतकी महाग की पहिल्या दिवशी मी कपाकडे बघतच बसलो.

आमच्या खोलीत, म्हणजे जी माझी आणि सुंदराची होती आणि आता माझी नि वैशालीची झाली होती, तिथे कपाट उघडलं तर दोन नवी जॅकेटं टांगलेली. एक निळं, एक मेंदी रंगाचं. दोन्हींच्या बाहीला दुकानाची चिठ्ठी तशीच. वैशालीने ती दसऱ्यालाच घेऊन ठेवली होती. जहाज हललं की दोन्ही एकदम हलायची आणि एकमेकांना लागायची. मी कपाट लावून घेतलं.

उत्तरेकडे जसजसं गेलो तसं डोंगर पाण्यातूनच उगवल्यासारखे दिसू लागले, आणि त्यांच्या अंगावर तो बर्फ. वाचकहो, मी इतकी वर्षं मुलांना चुकीचं सांगत होतो. बर्फ पांढरा नसतो. सकाळी निळसर असतो, दुपारी राखाडी, आणि उतरत्या उन्हात पिंजाऱ्याच्या कापसावर आमच्या ओट्यावर ऊन पडायचं तसा, किंचित पिवळा. मी डेकवर कठडा धरून उभा होतो आणि हे सुंदराला सांगायला बाजूला वळलो होतो.

ध्रुववृत्त ओलांडतात तिथे जहाजावर एक गंमत असते. डेकवर सगळ्यांना उभं करतात आणि कॉलर ओढून मानेतून बर्फाचे तुकडे पाठीत सोडतात. देशोदेशीची म्हातारी माणसं रांगेत उभी राहून किंचाळत होती. मीही उभा राहिलो. बर्फ ताडकळसच्या कोटातून, माझ्या स्वेटरमधून, सुंदराच्या स्वेटरपर्यंत उतरला. वितळलेल्या पाण्याने आतलं सगळं भिजलं आणि मला अशी हुडहुडी भरली की दात थांबेनात. वैशालीने मला धरून खोलीत आणलं. कपाट उघडून निळं जॅकेट काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"घाला अप्पा."

मी नको म्हणून मान हलवली.

"आई असती तर तिनेच घातलं असतं तुम्हाला."

"तिनेच थांबवलंय," मी म्हणालो. "तिच्या माहेरचं कुणी आलं नाही अजून."

तिने जॅकेट खाली घेतलं. मग म्हणाली, "मामा येणारच नाही, अप्पा. तुम्हाला माहीत आहे ते." आणि ते परत टांगलं. दुसऱ्या जॅकेटला ते लागलं तशी ती पलंगावर बसली, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मी तिच्या अंगावर ओला कोट नको म्हणून माझी चादर टाकली. बाहेर डोंगर जात होते. कुणीतरी अजूनही किंचाळत होतं, हसत होतं.

परतीच्या वाटेवर मी फार डेकवर गेलो नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. उतरताना दोन्ही जॅकेटं तिने तिच्या बॅगेत भरली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सेलूला आलो. स्टेशनबाहेर रस्त्यावर सरकीचा ट्रक उलटून बसला होता, ऑटोला वळसा पडला. ऊन असं की डोळ्यांसमोर सगळं पांढरं दिसावं. घर उघडलं, पाणी प्यालो. बॅग दारातच ठेवली, उघडायची इच्छा होईना. वर ताडकळसचा कोट घडी करून ठेवला, विद्यार्थ्याला परत द्यायचा म्हणून. तसाच आठवडा गेला. काय पाहिलं म्हणून कुणी विचारलं तर मी बर्फाचे रंग सांगायचो. कपाटातल्या त्या दोन जॅकेटांचं सांगितलं नाही. आणि किसनची वाट बघणं मी सोडलं होतं. मावशीचं झालं तसंच सुंदराचंही झालं, हे मी त्या म्हातारीच्या चहाबरोबरच गिळायला हवं होतं, असं वाटायचं.

आज दुपारी जेवून पडलो होतो. दारात कुणी खाकरलं. उठून पाहिलं तर डोक्याला पटका, उन्हाने रापून काळा ठिक्कर पडलेला, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. ओळखायला वेळ लागला.

"पट्टा पडला परवा," किसन म्हणाला. "कारखाना बंद झाला तसा सुटलोय. फोन पार उसातच गेला, दाजी." उंबऱ्याबाहेरच उभं राहून त्याने पिशवीतून टोपी काढली, उपरणं काढलं. आणि त्याखालून एक जाड लोकरीचा स्वेटर, कारखान्याच्या बाजारातून घेतलेला, घडीची रेघ अजून तशीच.

"अक्का म्हणली व्हती, दाजीला बर्फात न्यायचंय."

मग त्याचं लक्ष दारातल्या बॅगेकडे गेलं, वरच्या कोटाकडे गेलं.

"बरं झालं, गाठ पडली," तो म्हणाला. "निगायलाव न्हवं?"

बाहेर डांबर वितळत होतं. मी उंबऱ्यापाशी गेलो, स्वेटर चढवून घ्यायला हात वर केले आणि म्हणालो, "हो. तुझ्यासाठीच थांबलो होतो."