दुसऱ्या प्रतिमेची वाट

दर्पण कॉलनीतल्या राजलक्ष्मी महाडिक शहराच्या कंपू भागातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, आणि रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून एका क्वेसारची, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेच्या तेजस्वी गाभ्याची, चमक मोजतात. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा प्रकाश वाकतो आणि आपल्याला त्या एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा दिसतात. सासूबाईंना, म्हणजे सुधाताईंना, त्यांनी हे असं समजावलं होतं: दोघे भाऊ बाडा चौकातून एकदमच निघाले, एक सरळ घरी आला, दुसरा सराफा बाजाराच्या गर्दीतून वळसा घालून. निरोप एकच, पण दुसऱ्याकडून उशिरा कळतो. हा उशीर नेमका किती, हे शोधण्यात राजलक्ष्मीबाईंच्या पीएचडीची वर्षं चालली होती.

गेल्या वर्षी पहिली प्रतिमा अचानक उजळली. बाईंनी हिशेब मांडून मार्गदर्शकांना छातीठोकपणे सांगितलं, दुसरी या संक्रांतीच्या आत उजळेल. उजळली तर प्रबंध पुरा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

चमक मोजायची म्हणजे शेजारच्या एखाद्या स्थिर ताऱ्याशी ताडून बघायची. बाईंनी निवडलेला तारा इतका शांत, की फाइलीत त्याचं नाव त्यांनी 'अहो' ठेवलं होतं. यजमान मानसिंगराव तसेच. भाजीत मीठ नसलं तरी चेहरा हलत नाही. मग बाकीचे तारे बाईंनी कधी तपासलेच नाहीत. इतका विश्वास खऱ्या नवऱ्यावरही कुणी टाकू नये!

संक्रांतीच्या आदल्या रविवारी दुर्बिणीचे नवे फोटो आले आणि बाईंचा चेहरा पडला. उजळणं राहिलं दूर, दुसरी प्रतिमा चक्क मंदावली होती.

"आई, गेलं सगळं."

"ऐसे कैसे गेलं? आधी पोहे खा," सुधाताई म्हणाल्या.

"दोन्ही मंद झाल्यात हो, एकदमच..."

बाई बोलता बोलता थांबल्या. एकदमच? दोघे भाऊ एकाच वेळी घरी पोचतीलच कसे? म्हणजे खोट प्रतिमांत नाही, मापात आहे!

पोहे गार झाले. बाईंनी आसपासचे पाच-सहा तारे घेऊन 'अहों'ना त्यांच्याशी ताडून पाहिलं. स्वारी गुपचूप उजळत चालली होती, म्हणून बाकी सगळे फिके दिसत होते.

"अहो, तुम्ही मला बुडवायला निघाला होतात!" बाई ओरडल्या.

"मी? मैंने क्या किया?" पेपरातून डोकं काढत मानसिंगराव म्हणाले.

नवे तारे धरून बाईंनी सगळं पुन्हा मोजलं. दुपार टळली तेव्हा पडद्यावर दुसऱ्या प्रतिमेची रेघ वर चढली होती, अगदी त्यांनी सांगितल्याप्रमाणे संक्रांतीच्या आतच. कसला आनंद झाला म्हणून सांगू! त्यांनी सुधाताईंना धरून स्वयंपाकघरातच गिरकी घेतली आणि मार्गदर्शकांना फोन लावला. पलीकडे त्यांनी सगळे आकडे एकेक करून तपासले.

"मॅडम, लिखना शुरू कीजिए," ते शेवटी म्हणाले.

अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला उजेड केव्हा पोचेल हे दर्पण कॉलनीतल्या एका बाईने आधीच सांगितलं होतं, आणि तो आला होता.