तात्यांचा ठोकळा

फिटरतात्या कोणाकडेही दोन डोळ्यांनी पाहत नसत. समोर माणूस असो, म्हैस असो की लग्नाचा मांडव, ते आधी डावा डोळा मिटायचे, मान जराशी कलती करायचे आणि उजव्या डोळ्यानं ओळ धरायचे. मग निकाल सांगायचे. मी शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून नवा रुजू झालो, तेव्हा वडीलधारे म्हणून त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी एक डोळा मिटून मला न्याहाळलं आणि म्हणाले, "गुरुजी, डावा खांदा सूतभर खाली हाय तुमचा. पिशवी दुसऱ्या खांद्याला घेत जावा." मला राग आला. घरी जाऊन आरशात पाहिलं, तर खांदा खरंच खाली होता.

साखर कारखान्यात उभी हयात फिटरकी करून ते अंथुर्ण्याच्या अलीकडच्या आमच्या गावी परत आले होते. येताना पान्यांची पेटी आणि रक्तातली साखर एवढंच बरोबर आणलं, असं स्वतःच सांगायचे. बारामतीकडची शिकाऊ विमानं दिवसभर आमच्या उसावरून घिरट्या घालतात. गावानं त्यांच्याकडे मान वर करून बघणं कधीच सोडलं आहे. तात्या मात्र अंगणात उभे राहून, एक डोळा मिटून, आतल्या शिकाऊ वैमानिकाला रोज नापास करायचे. असं करता करता ते स्वतःच लाकडी विमानं बनवू लागले. त्यांना इंजिन नसे. हातानं सोडायचं आणि वाऱ्यावर तरंगत जाऊ द्यायचं, एवढंच. त्यांच्या सुनेला हा उद्योग गुडघ्यापेक्षा बरा वाटे, कारण गुडघा दुखला की ते दिवसभर बोलत असत.

आमच्या गावाचं लाडकं उत्तर म्हणजे "चालतंय की". गटार बांधलं आणि पाणी उलटं घरात येऊ लागलं, चालतंय. कमानीवर गावाचं नाव तिरकं बसलं, चालतंय. तात्या अशा वेळी शांतपणे विचारायचे, "कुणाला चालतंय? त्याचं नाव सांगा." नाव कुणी सांगत नसे. या एका प्रश्नामुळे त्यांना गावातल्या कुठल्याही समितीवर घेतलं गेलं नाही, आणि गावात समित्या तर घरटी एक.

शाळेच्या स्नेहसंमेलनात विमान उडवायचं ठरलं, तेव्हा मात्र त्यांच्यावाचून इलाज नव्हता. तात्यांनी होकार दिला आणि मला बाजूला घेऊन कारण सांगितलं. साखर डोळ्यात उतरली होती. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची आशा सोडली होती, डावाही फार दिवस साथ देणार नव्हता. "आजवर केलेलं एकबी विमान नाकासमोर सरळ गेलं न्हाय, गुरुजी. नजर हाय तवर एक बघायचंय," ते म्हणाले. हे सांगताना त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले होते, म्हणून मला ते जास्तच लागलं.

आता आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी आहे. देव एक आहे, पण नारळ दोन फुटतात. विमान कोणाच्या नावे, यावर तीन बैठका झाल्या. शेवटी डावा पंख वरच्या आळीचा आणि उजवा खालच्या आळीचा, असा तोडगा निघाला. दोन्ही तरुण मंडळांनी आपापल्या पंखावर आपापलं नाव रंगवून घेतलं. शेपटीवर हक्क सांगायला कुणी आलं नाही, म्हणून तिथे शाळेचं नाव आलं.

पुण्याहून आणलेल्या हलक्या लाकडाचे ते दोन पंख मधोमध जोडायचे होते. पंख सपाट जोडून भागत नाही, दोन्ही टोकं सारखी वर उचललेली असावी लागतात, तरच विमान वाऱ्यात तोल सावरतं. त्यासाठी तात्यांची एक रीत होती. एक पंख पाटावर सपाट दाबून ठेवायचा, दुसऱ्याचं टोक बाभळीच्या एका ठोकळ्यावर चढवायचं आणि मधे डिंक लावून रात्रभर वाळू द्यायचं. मग जोडलेला पंख विमानावर बसवला की उंची दोन्हीकडे निम्मी निम्मी वाटली जाते. त्यांनी चित्रकलेच्या वर्गात तसा जोड लावला, दार ओढून घेतलं आणि घरी गेले.

संध्याकाळी खालच्या आळीची माणसं सहज म्हणून बघायला आली. त्यांना दिसलं ते असं: वरच्या आळीचा पंख ठोकळ्यावर चढून बसलाय आणि आपला पाटावर लोळतोय. तासाभरात शाळा समितीची तातडीची सभा भरली. मी उंची वाटली जाण्याचं सांगायला उभा राहिलो, तर अध्यक्ष आबा म्हणाले, की वाटप समितीसमोरच व्हायला पाहिजे. सर्वानुमते ठराव झाला की दोन्ही पंख समान पातळीवर राहतील. ठोकळा काढला गेला. पंख पुन्हा उचलू नयेत म्हणून दोन्हींवर एकेक वीट ठेवली, तीही ज्याच्या त्याच्या आळीची.

सकाळी तात्या आले. ओरडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी जोडावरून नुसतं बोट फिरवलं. डिंक दगडासारखा झाला होता. आबा म्हणाले, चालतंय की, आता कसं सपाट दिसतंय. तात्यांनी नाव विचारलं नाही. पंख विमानावर बांधला, दोन्ही आळ्यांना मैदानावर बोलावलं आणि विमान सोडलं. ते चार पावलं गेलं, कुशीवर वळलं आणि आबांच्या मोटारसायकलीपाशी पडलं. तात्यांनी पंख उचलला आणि सगळ्यांदेखत करवतीच्या पात्यानं मधोमध कापला.

दुसरा जोड आम्ही त्यांच्या घरी लावला. तात्यांनी नेहमीसारखा डावा डोळा मिटला. मग उघडला. मग उजवा मिटून पाहिला. शेवटी म्हणाले, "मला दोन रेघा दिसाय लागल्यात. तुमी बघा, गुरुजी. मी धरतो." मी जमिनीवर पालथा पडलो, एक डोळा मिटला आणि पंखाच्या कडेची ओळ धरली. त्यांचे हात अजिबात हलत नव्हते. मीच घाबरलो होतो, कारण त्यांचं शेवटचं विमान माझ्या नजरेवर जाणार होतं.

जोड वाळेपर्यंत दोन्ही आळ्यांची माणसं चौकशीला येऊन गेली. तात्यांनी खालच्या आळीला ओट्यावर बसवून चहा पाजला आणि सांगितलं, ठोकळ्यावर तुमचाच पंख हाय. वरच्या आळीलाही हेच सांगितलं, फक्त चहात आलं जास्त होतं.

संमेलनाच्या दिवशी त्यांनी विमान सोडलं आणि ते मैदानावरून तरंगत निघालं. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. तात्यांना आता तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. त्यांनी माझा दंड धरून विचारलं, "सरळ गेलं का?" मी म्हणालो, अगदी सरळ. त्यांनी टाळ्यांकडे कान दिला. "शेवटाला डावीकडं वळलं. टाळ्या तिकडनं आल्या." चूक माझ्या नजरेची होती, केसभर का होईना. त्यांनी दंड सोडला नाही. "जोड धरलाय न्हवं?" धरलाय, म्हणालो. "मग झालं," ते म्हणाले आणि हसले. माझ्यावर इतका विश्वास दुसऱ्या कुणी टाकलेला मला आठवत नाही.

यंदा उन्हाळ्यात तात्या गेले. सुनेनं ठोकळा माझ्याकडे आणून दिला. शोकसभेत दोन्ही आळ्यांनी आधी कोण बोलणार यावर अर्धा तास घालवला. तेवढ्या वेळात मी एक डोळा मिटून त्यांचा फोटो पाहिला, डावी बाजू खाली होती, तिथे पिशवीतला ठोकळा काढून सरकवला. परतताना खालच्या आळीतले एक काका जवळ आले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, खरं सांगा, त्या येळी ठोकळ्यावर आमचाच पंख होता न्हवं?"

"तुमचाच," मी म्हणालो. वरच्या आळीला सकाळीच सांगून झालं होतं.